सिगारेटच्या जाहिरातीतून आलेली राधा

गेल्या महिन्यात आमच्या कथकच्या ताईंकडे गेले होते, तेव्हा त्यांना मोबाइलवर एक जुनी फीत दाखवली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जेकब्ज पिलो नावाचे नृत्यासाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण आहे. तिथे १९४१ साली ती चित्रित झाली. नाचणाऱ्या बाईचे वय त्या वेळी ६२ होते आणि नृत्याचे नाव होते 'राधा'. ताईंनी पहिली दोन मिनिटे काही न बोलता पाहिले आणि मग म्हणाल्या, "पायात काही नाही गं हिच्या. समेचा पत्ता नाही. आणि ही राधा कुठली? ही तर बुद्धासारखी बसली आहे." फीत थांबवायला मी बोट पुढे केले, तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "थांब. हात बघू दे तिचे."

ती बाई म्हणजे रूथ सेंट डेनिस. पाश्चात्त्य आधुनिक नृत्याच्या इतिहासात लोई फुलर आणि इझाडोरा डंकन यांच्या बरोबरीने जिचे नाव घेतले जाते, ती. आपल्याकडे नृत्य शिकणाऱ्या मंडळींत तिचा विषय निघाला की साधारण दोनच मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे तिने आपली संस्कृती चोरून विकली, आणि दुसऱ्या मताप्रमाणे एका गोऱ्या बाईने आपली संस्कृती जगभर पोचवली म्हणून आपण तिचे ऋणी असावे. ताईंच्या घरून परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आले की मला यांपैकी काहीच पटत नाही. तिच्या राधेच्या खोटेपणाचा मला राग येत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. ती गोष्ट नीट मांडायची, तर तिचे आयुष्य थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

तिचा जन्म २० जानेवारी १८७९ चा, न्यू जर्सीतल्या न्यूआर्कचा. मूळ आडनाव नुसते डेनिस. आईने मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली होती, आणि त्या काळी ही गोष्ट बायकांसाठी किती दुर्मिळ होती हे वेगळे सांगायला नको. वडील यंत्रांत रमणारे, नवे काही शोधून काढण्याच्या नादात असणारे, पण घरात पैसा न टिकू देणारे. लहानपण शेतावर गेले. फ्रान्सच्या डेल्सार्तने भाव आणि शरीराची हालचाल यांचा मेळ घालणारी एक पद्धत रचली होती. तिच्यावर आधारलेले व्यायाम आई मुलीकडून घरीच करवून घेत असे. गुरू, घराणे, रीतसर तालीम असे म्हणता येईल ते एवढेच. १८९४ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती न्यूयॉर्कच्या एका 'म्युझियम'मध्ये नाचू लागली. नावाने म्युझियम, पण प्रकार आपल्या जत्रेतल्या तंबूच्या जवळचा: थोड्या पैशांत चमत्कारिक वस्तू पाहा, आणि त्याच तिकिटात घेरदार स्कर्ट उडवत नाचणारी पोरगीही पाहा. पुढे डेव्हिड बेलास्को या बड्या नाट्यनिर्मात्याच्या कंपनीत तिला लहानसहान कामे मिळाली. तिचे सोवळे वागणे पाहून त्यानेच तिला थट्टेने 'सेंट' ही पदवी दिली असे सांगतात. थट्टा तिने खुशाल नावात घेतली.

१९०४ मध्ये या कंपनीबरोबर दौऱ्यावर असताना बफेलो शहरातल्या एका औषधांच्या दुकानात तिला 'इजिप्शियन डीटीज' या सिगारेटची जाहिरात दिसली. भव्य दगडी दाराखाली प्राचीन इजिप्तची इसिस देवी ताठ बसलेली आहे, असे ते चित्र. त्या स्थिर बसण्याने ती अक्षरशः झपाटली. ते पोस्टर मिळवून तिने खोलीवर आणले, पुढे त्या बैठकीत स्वतःचे छायाचित्र काढून घेतले, आणि आपल्या नृत्यजीवनाची सुरुवात या सिगारेटच्या जाहिरातीपासून झाली हे उभ्या आयुष्यात कधी लपवले नाही. आपल्याकडे एखाद्या कलावंताने असे कबूल केले असते का, याची मला शंका आहे. आपण स्वप्नात साक्षात्कार तरी झाला असे सांगितले असते, नाही तर एखादे हस्तलिखित तरी सापडले असते.

इजिप्तचे नृत्य उभे करायला पैसा फार लागणार होता. मग भारत आला, आणि तोही कसा आला ते पाहण्यासारखे आहे. लॉर्ड कर्झनने १९०३ च्या जानेवारीत दिल्लीत जो दरबार भरवला, तोच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर, लूना पार्क नावाच्या करमणुकीच्या बागेत, तिकीट लावून उभा होता. तिथे गारुडी होते, नाचणाऱ्या बायका होत्या, दिल्लीच्या नकली गल्ल्या होत्या. रूथने तो खेळ पाहिला, मग वाचनालयात बसून पुस्तके आणि चित्रे धुंडाळली, आणि भारताचे तोंडही न पाहता एक भारतीय नृत्य रचले. १९०६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये 'राधा' प्रथम रंगमंचावर आली.

आता हे नृत्य नेमके काय होते ते सांगते. पडदा उघडतो तेव्हा जैन मंदिर दिसते. मंदिरात पुजारी बसले आहेत आणि मधोमध, पद्मासनात, डोळे मिटून राधेची मूर्ती आहे. मूर्ती हळूहळू सजीव होते, खाली उतरते आणि पाच इंद्रियांची पाच नृत्ये करते. दृष्टीसाठी रत्नांच्या माळा, श्रवणासाठी घंटा, गंधासाठी फुले, चवीसाठी मद्याचे पात्र; आणि स्पर्शासाठी हातात काहीच नाही, ती स्वतःच्याच तळहातांचे चुंबन घेते. मग घेरदार घागऱ्यात गरगर फिरत इंद्रियांचा उन्माद येतो, राधा कोसळते आणि शेवटी सर्व सुखांचा त्याग करून पुन्हा आपल्या जागी, पुन्हा पद्मासनात, पुन्हा डोळे मिटून बसते. संगीत फ्रेंच संगीतकार देलिबच्या 'लॅक्मे' या ऑपेरातले, आणि देलिबनेही भारत पाहिलेला नव्हता. एकूण काय, तर ज्याने देश पाहिला नाही त्याचे सूर घेऊन, जिने देश पाहिला नाही ती, जिथे राधेची पूजाच होत नाही अशा मंदिरात राधा होऊन नाचत होती.

ज्यांच्या कानावर लहानपणापासून गौळणी पडल्या आहेत, त्यांना या राधेपाशी काय अडते हे लगेच कळेल. आपली राधा दही घुसळता घुसळता भान विसरणारी, वाटेत अडवली जाणारी, लटके रागावणारी, वाट पाहणारी. तिच्याकडून इंद्रियांचा त्याग करून घेणे म्हणजे पंढरीच्या वारकऱ्याला मौनव्रत देण्यासारखे आहे. रूथने राधेचे फक्त नाव घेतले, आणि त्यात बुद्ध, इसिस आणि आईकडून शिकलेली ख्रिस्ती आध्यात्मिकता ओतली. हे सगळे मान्य करूनही ताईंनी माझा हात का धरला, हा प्रश्न उरतोच.

ताई म्हणाल्या, "हिला ठाठ कळलाय." कथक न शिकलेल्यांसाठी सांगते: ठाठ म्हणजे नाचाच्या आरंभी नर्तक उभा राहतो ती अवस्था. लय चालू असते, शरीर जवळजवळ स्थिर असते, आणि मनगट, मान, भुवई यांच्या एखाद्या बारीक हालचालीने पाहणाऱ्याच्या लक्षात येते की हे स्थिरपण रिकामे नाही. १९०६ च्या अमेरिकन रंगमंचावर नाचणाऱ्या बाईकडून अपेक्षा होती ती उंच पाय फेकण्याची आणि स्कर्ट उडवण्याची. अशा ठिकाणी एक बाई एकटी, अनवाणी पायांनी, नुसती बसून राहते आणि प्रेक्षक श्वास रोखून तिच्याकडे पाहत राहतात, ही गोष्ट तिच्याआधी त्या रंगमंचाला ठाऊक नव्हती. सिगारेटच्या जाहिरातीतून तिने उचलले ते इजिप्त नव्हतेच. तिने उचलले ते बसणे. म्हणूनच तिचा भारत खोटा असला तरी तिचे नृत्य खोटे नव्हते, असे मी म्हणते.

आणि हात. त्याच सुमारास तिने केलेल्या 'धूप' या नृत्यात साडीसारखे वस्त्र नेसलेली एक स्त्री धूप जाळते आणि वर चढणाऱ्या धुराबरोबर तिचे हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत लहरत जातात. दुसऱ्या एका नृत्यात ती फाटक्या वेषातली गारुडीण होई आणि तिचे दोन हात म्हणजेच दोन नाग. बोटांतल्या अंगठ्यांचे हिरवे खडे म्हणजे नागांचे डोळे. या शेवटच्या नृत्याचे मी फक्त वर्णन वाचले आहे, पण १९४१ च्या फितीतले हात पाहिल्यावर ते डोळ्यांपुढे उभे करणे अवघड जात नाही. आमच्याकडे हस्तक, म्हणजे कथकमधल्या हातांच्या ठरलेल्या हालचाली, शिकवताना कोपर कुठे, मनगट कुठे, हे सहा-सहा महिने घोटून घेतात. हिला कुणी घोटून घेतले नव्हते, आणि तरीही हात कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही. ६२ व्या वर्षी. (माझी विशारदची परीक्षा झाली तेव्हा मी चोविसाची होते आणि परीक्षकांनी माझ्या डाव्या कोपराविषयी जे सांगितले ते अजून विसरता येत नाही.)

१९०६ ते १९०९ ती युरोपात होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियात तिचे फार कौतुक झाले. व्हिएन्नाचा कवी ह्यूगो फॉन हॉफमन्सथाल याने तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. परतल्यावर हेन्री हॅरिस या निर्मात्याने १९१० च्या डिसेंबरमध्ये तिचे जुने इजिप्तचे स्वप्नही रंगमंचावर आणले. हाच हॅरिस दीड वर्षाने टायटॅनिकबरोबर बुडाला.

आता माझ्या रागाकडे येते.

१३ सप्टेंबर १९१० रोजी मुंबईच्या बंदरातून इनायत खान नावाचा अठ्ठावीस वर्षांचा गायक आणि वीणावादक अमेरिकेला निघाला. त्याचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा सुरू करणारे थोर संगीतकार. आज बडोद्याच्या विद्यापीठात संगीत आणि नृत्य शिकवणारी जी विद्याशाखा आहे, तिचे मूळ या गायनशाळेत आहे. अशा घरातला हा तरुण आणि त्याच्याबरोबरचे घरचेच वादक अमेरिकेत पोचले, आणि उदरनिर्वाहासाठी १९११ मध्ये त्यांना कुणाबरोबर दौऱ्यावर जावे लागले, तर रूथ सेंट डेनिसबरोबर. सिगारेटच्या पोस्टरवरून जन्मलेल्या नृत्यांना साथ करायला बडोद्याच्या गायनशाळेचे वारस! इनायत खान पुढे सूफी गुरू म्हणून पश्चिमेत मोठे झाले, आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी या दौऱ्याविषयी लिहिले आहे. शब्द माझे आहेत, पण त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की या बाईने स्वतःच भारतीय नृत्ये कल्पून काढली होती आणि आमचे संगीत म्हणजे जणू नकली फुलाला दिलेला रंग आणि वास झाले होते. लोकांना ती करमणूक होती, आणि म्हणूनच आम्हांला ते क्लेशकारक होते. त्यांनी शिवी दिलेली नाही, आरोपही केलेला नाही. मला तर त्या संयमानेच जास्त टोचते.

तरीही इनायत खान यांचे नाव आपल्याला माहीत आहे. 'राधा'त पुजारी म्हणून जे पुरुष बसले होते, त्यांचे काय? ते कोनी आयलंडच्या खेळांतून आणि न्यूयॉर्कमध्ये छोटी-मोठी कामे करणाऱ्या भारतीय माणसांतून जमवलेले होते. त्यांत मुसलमानही होते, ज्यांनी एका जैन मंदिरात बसून राधेची पूजा केली. बसायचे कसे, नमस्कार कसा करायचा, फेटा कसा बांधायचा, हे रूथला त्यांनी दाखवले नसेल असे मला वाटत नाही. त्याही आधी, १८८१ मध्ये, ऑगस्टिन डेली या निर्मात्याने भारतातून खऱ्याखुऱ्या नाचणाऱ्या बायका न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणल्या होत्या. तिथल्या लोकांना त्यांचे नाचणे रुचले नाही. ज्यांनी मनात एक वेगळाच भारत रचून ठेवला होता, त्यांना खरा भारत संथ आणि अंगभर कपडे घातलेला वाटला. पंचवीस वर्षांनी रूथने तोच प्रेक्षक जिंकला. १९१७ मध्ये अमेरिकेने कायदा करून भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले, आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. नेमक्या त्याच वर्षांत रूथची मंडळी गावोगाव भारताची नृत्ये करत हिंडत होती. भारत चालत होता, भारतीय चालत नव्हता. यात रूथचा वैयक्तिक गुन्हा काही नाही, कायदे तिने केले नव्हते. पण ज्यांच्या शरीरांवरून आणि सुरांवरून तिने काहीएक उचलले त्यांना दारात उभे करून तिचे नाव पाटीवर चढले, आणि हे सांगितल्याशिवाय तिचे चरित्र सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

तिचे दुसरे मोठे काम मात्र निर्विवाद आहे. १३ ऑगस्ट १९१४ रोजी तिने आपल्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या टेड शॉन या नर्तकाशी लग्न केले आणि १९१५ मध्ये दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये 'डेनिशॉन' ही संस्था काढली. तिथे बॅलेची सुधारून घेतलेली तालीम होती, डेल्सार्त होता, योगासनांसारखे काही होते, पूर्वेकडच्या म्हणून सांगितलेल्या चाली होत्या, आणि सगळे अनवाणी. दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटातल्या बॅबिलोनच्या दृश्यांत याच शाळेच्या मुली नाचल्या. १९११ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रूथचा प्रयोग पाहून एका शाळकरी मुलीने नाचायचे ठरवले होते; १९१६ मध्ये ती या शाळेत दाखल झाली, तेव्हा रूथला तिच्यात काही विशेष दिसले नाही आणि तिने तिला शॉनच्या हवाली केले. ती मुलगी म्हणजे पुढे अमेरिकन आधुनिक नृत्यातले सर्वांत मोठे नाव ठरलेली मार्था ग्रॅहम. डोरिस हम्फ्री आणि चार्ल्स वाइडमन हेही इथलेच, ग्रॅहमचा संगीत-मार्गदर्शक लुई हॉर्स्टही इथलाच. अमेरिकन आधुनिक नृत्य ज्यांनी उभे केले, त्यांतले बहुतेक याच एका अंगणातून निघाले, आणि निघताना जवळजवळ प्रत्येकाने या अंगणातले सगळे रंगीबेरंगी पूर्वेकडचे सामान फेकून दिले.

ते फेकण्यात रागही होता. १९२८ मध्ये हम्फ्री आणि वाइडमन बाहेर पडले त्याची कारणे हम्फ्रीने आपल्या आत्मकथनात दिली आहेत: पैशासाठी करमणुकीच्या खेळांत उतरण्याचा आग्रह तिला पटत नव्हता, आणि शाळेत ज्यू मुलांचे प्रमाण मर्यादित ठेवण्याचा विचार तर मुळीच मान्य नव्हता. सर्व धर्मांच्या देवता रंगमंचावर आणणाऱ्या संस्थेत अशी गणिते मांडली जात होती, हे वाचून मला धक्का बसला, पण फार आश्चर्य वाटले नाही. देवघर सजवणारी माणसे उंबऱ्याशी कशी वागतात ते आपणही पाहिलेले आहे.

त्याआधी, १९२५ ते १९२६ या काळात, ही सारी मंडळी जपान, चीन, ब्रह्मदेश, भारत, सिलोन, जावा असा मोठा दौरा करून आली. मुंबईतही त्यांचे प्रयोग झाले. वीस वर्षे जो देश मनाने नाचला, तो रूथने तेव्हा प्रथम डोळ्यांनी पाहिला. तिच्या 'नाच' या नृत्याला, म्हणजे आपल्याच नाचवालीच्या तिने केलेल्या रूपाला, भारतीय प्रेक्षकांनी भरभरून टाळ्या दिल्या. इथे मात्र मला तिच्याऐवजी आपल्याकडे पाहावेसे वाटते. ज्या काळात हे टाळ्या वाजवणे चालले होते, त्याच काळात आपल्याकडे नाचविरोधी चळवळ जोरात होती. नाचगाण्यावर जगणाऱ्या बायकांना सभ्य वस्तीत जागा नव्हती, आणि १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यामागचा हेतू चांगला होता आणि त्याची गरजही होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या बायकांबरोबर त्यांच्या अंगातली विद्याही पुसली जात आहे, याची फिकीर फार थोड्यांना होती. न्यूयॉर्कहून आलेल्या बाईने केलेला नाच पाहायला तिकीट काढावे आणि आपल्या गल्लीतल्या नाचणारीच्या दारावरून मान खाली घालून जावे, असा तो काळ. त्यामुळे 'तिने आमचे चोरले' असे म्हणताना 'आमचे' हा शब्द माझ्या तोंडात थोडा अडखळतो.

आणखी एक गोष्ट. १९२३ मध्ये लंडनला चित्रकला शिकत असलेल्या उदय शंकर यांनी प्रसिद्ध रशियन बॅले-नर्तकी ॲना पाव्हलोव्हाबरोबर 'राधाकृष्ण' केले, तेव्हा त्यांचेही शास्त्रीय नृत्याचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. शिल्पे आणि चित्रे पाहून त्यांनी हालचाली रचल्या होत्या. त्यांना आपण द्रष्टे म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मग चित्रावरून नाच रचण्याचा दोष एकट्या रूथच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

नंतरचे आयुष्य थोडक्यात. मंदी आली, कर्ज झाले, १९३१ मध्ये डेनिशॉन संपले आणि नवराबायको वेगळे राहू लागले, घटस्फोट मात्र कधीच घेतला नाही. शॉनने जेकब्ज पिलोची जागा घेऊन तिथे पुरुष नर्तकांचा संच उभा केला. रूथ चर्चमध्ये नाचू लागली; १९३८ मध्ये तिने अमेरिकेतल्या अडेल्फी महाविद्यालयात नृत्यविभाग सुरू केला. १९४० मध्ये ला मेरी या नर्तकीबरोबर तिने न्यूयॉर्कमध्ये 'नाट्य' या नावाने नृत्यशाळा काढली, आणि ला मेरीने तर भारतात येऊन गुरूंकडे खरोखर शिक्षण घेतलेले होते. महायुद्धात रूथने विमानांच्या कारखान्यातही काम केले. १९६४ मध्ये लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हा ती आणि शॉन जेकब्ज पिलोला पुन्हा एकत्र नाचले. २१ जुलै १९६८ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये ती गेली.

ताईंकडून निघताना त्यांनी मला ती फीत पुन्हा एकदा लावायला सांगितली, आणि या वेळी त्या उठून उभ्या राहिल्या. वयामुळे हल्ली त्या उभ्याने शिकवत नाहीत. तळहातांच्या चुंबनाच्या जागी त्यांनी आपला उजवा हात उचलला, मनगट सोडले, थांबल्या, आणि "कोपर आधी जातं तिचं, बघ," एवढे म्हणून खाली बसल्या. घरी आल्यावर मी 'राधा'चे १९०६ चे एक छायाचित्र मोठे करून पाहिले. मध्ये रूथ, भोवती फेटे बांधलेले पुरुष. खाली छापलेल्या ओळीत नाव एकच आहे.